दुसऱ्याच्या डोळ्यांचा चांद

सत्तरच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी एक तत्त्ववेत्ता राहत होता, ही गोष्ट गावाला कुणी सांगितलेली नव्हती. गावाच्या मते ते जमिनीचे जुने उर्दू कागद वाचून देणारे गृहस्थ होते. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण जमिनी अजून त्याच राज्याच्या कागदांवर उभ्या होत्या. भावाभावांत वाटणीचं बिनसलं की परभणी जिल्ह्यातला कुठलाही शेतकरी ट्रंकेच्या तळाचा पिवळा कागद घेऊन त्यांच्या, म्हणजे उस्तादांच्या, ओट्यावर येऊन बसे. उस्ताद कागद नाकाला लावून वाचत आणि मराठीत अर्थ सांगत. ज्याला अलिफ कळत नाही तो माणूस त्यांच्या त्या एका शब्दावर कोर्टात जाऊन सख्ख्या भावाच्या विरुद्ध उभा राही. याच माणसाने ज्ञान म्हणजे काय यावर दोन जाडजूड ग्रंथ लिहिलेत आणि हैदराबादपासून लखनौपर्यंतचे विद्वान त्यावरून एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, याच्याशी गावाला काही कर्तव्य नव्हतं. ग्रंथांतून सातबारा निघत नाही.

मी तिथल्या नव्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला गेलो. माझ्या वर्गातली निम्मी मुलं राज्यशास्त्रात जागा नाही म्हणून आलेली होती आणि उरलेली निम्मी वर्ग चुकून आलेली होती. पण आधी राहायला खोली हवी होती. आडनाव सांगितलं की प्रत्येक गल्लीतली खोली कालच गेलेली निघे. छप्पन साली आम्ही धर्म बदलला हे सगळ्या घरमालकांना माहीत होतं, फक्त त्यांनी ते मनावर घेतलेलं नव्हतं. शेवटी कुणीतरी मशिदीमागच्या गल्लीत पाठवलं. ओट्यावर पांढऱ्या दाढीचे, जाड चष्म्याचे एक वृद्ध बसले होते. त्यांनी माझं आडनाव विचारलंच नाही.

"गोश्त खाता?"

"खातो."

"मग राहा. न्हाईतर रोज वासाची तक्रार केली असती तुमी, अन् आमाला रोज माफी मागावी लागली असती. शिकवता काय?"

"तत्त्वज्ञान."

"या गावात?" ते इतके मनापासून हसले की मला राग आला. मग म्हणाले, "माफ करा प्रोफेसर. आमीबी तेच करायलोय इथं, म्हणून हसलो."

अशी मला माळवदावरची खोली मिळाली. खाली उस्ताद आणि त्यांची बायको. तिला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणे. उस्ताद तरुणपणी हैदराबादेत उर्दूतून तर्कशास्त्र शिकवत. राज्य गेलं, उर्दूतले वर्ग बंद पडले, आणि तर्कशास्त्राचा हा मोठा विद्वान बायकोच्या माहेरी येऊन स्थिरावला. सासरवाडीला राहणाऱ्या जावयाची जी किंमत असते तीच त्यांची होती. खाला त्यांच्या ग्रंथांना 'ते तुमचे दोन दगड' म्हणायची, कारण लोणच्याच्या बरणीवर दाब द्यायला ते बरोबर वजनाचे होते.

संध्याकाळी आम्ही माळवदावर बसत असू. त्यांचं म्हणणं मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही झोपेतून उठवलं तर सांगीन. माणसाला ज्ञान तीन वाटांनी येतं: डोळ्या-कानांनी, अकलेनं आणि खबरीनं, म्हणजे दुसऱ्यानं सांगितल्यामुळे. पहिल्या दोन वाटांवर जगभरच्या तत्त्ववेत्त्यांनी मोठमोठ्या धर्मशाळा बांधल्या. तिसऱ्या वाटेवरून मात्र सगळी दुनिया रोज जाते-येते आणि तिथं साधा कंदील नाही. आपला जन्म कधी झाला, आपला बाप कोण, दिल्ली नावाचं शहर आहे की नाही, हे सगळं आपल्याला कुणीतरी सांगितलं म्हणून माहीत असतं. देवाचा शब्दही माणसापर्यंत खबर होऊनच आला. तेव्हा खरा प्रश्न देव आहे का हा नाही, असं ते म्हणत. खरा प्रश्न असा की कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, आणि का?

इथपर्यंत त्यांचे शत्रूही मान डोलावत. भांडण पुढच्या पायरीवर होतं. साक्ष देणाऱ्याचा खरेपणा तपासा, धर्म तपासू नका, असं उस्तादांनी दुसऱ्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं. सच्चेपणा हा माणसाचा गुण आहे, जमातीचा नाही. जुन्या मंडळींच्या मते यानं दीन, म्हणजे धर्म, बुडत होता. नव्या मंडळींच्या मते इतकं सांगायला कुराणाचे दाखले देणारा माणूस मागासलेला होता. दोन्ही बाजूंनी ग्रंथ न वाचता मत दिलेलं होतं, हे उस्तादांना पुरेसं होतं. ते म्हणत, "बघा, आमच्याबद्दलसुद्धा त्यांना खबरीवरूनच कळलंय."

मी त्यांच्याशी वाद घाली. आमच्या बौद्ध तर्कशास्त्र्यांनी दोनच प्रमाणं मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. दुसऱ्याच्या शब्दाला त्यांनी स्वतंत्र प्रमाणाची जागा दिली नाही. मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"असं त्यांनी म्हणलं, हे तुमाला कसं कळलं?" उस्तादांनी विचारलं.

"पुस्तकात वाचलं."

"म्हणजे कुणीतरी सांगितलं," ते म्हणाले आणि खालाला चहा टाकायला सांगितलं. हरवल्यावर चहा पाजायची त्यांची रीत होती. मी फार चहा प्यायलो त्या घरात.

एकदा मी त्यांना माझ्या आज्याची गोष्ट सांगितली. गावागावांत शिवेची भांडणं लागली की आमच्या आज्याला बोलावत. महार सांगेल ती शीव. पाटील, देशपांडे, सरकारी माणूस, सगळे त्याच्या मागे मागे चालत आणि तो बोट दाखवील तिथं दगड रोवला जाई. गावाची हद्द त्याच्या शब्दावर ठरे. आणि त्याच गावाच्या आडावर त्याला पाणी पिता येत नसे. मला वाटलं उस्ताद हसतील. ते हसले नाहीत. दाढी कुरवाळत म्हणाले, "गरज पडली की साक्ष खरी, गरज सरली की माणूस खोटा. हे आमच्या किताबेत लिहायचं ऱ्हायलं, प्रोफेसर."

त्यांची किताब पुढं माझ्याच डोळ्यांवर येऊन ठेपेल, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी गावातला प्रत्येक मुसलमान पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो. चांद दिसला तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. त्या वर्षी पावसाळा लांबला होता आणि ढग मावळतीला तळ ठोकून होते. चांद दिसावा की नाही यावर गावात एकमत नव्हतं. घराघरांत शेवया तयार होत्या आणि मुलं माळवदांवर चढून बसली होती. शिंप्याच्या दुकानात मात्र न शिवलेल्या सदऱ्यांचा ढीग पडला होता, आणि तो इसम ढगांकडे ज्या भक्तीने बघत होता तशी भक्ती मी मशिदीतही पाहिलेली नाही. कापडवाल्यांनाही विक्रीचा एक दिवस जास्त मिळाला तर नको नव्हता. चांद झाला की नाही हे ठरवणाऱ्या चांद कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, स्वतः कापडाचे व्यापारी होते.

रोजा सोडून उस्ताद काठी टेकत माळवदावर आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. परभणीच्या डॉक्टरांनी अजून पिकला नाही म्हणून परत पाठवलं होतं. दरवर्षी ते माझ्या शेजारी उभे राहत आणि मला काय दिसतंय ते विचारत. त्या दिवशी जिनिंगच्या चिमणीच्या डाव्या अंगाला ढग थोडासा फाटला, आणि त्या फटीत मला चांद दिसला. अगदी बारीक, कापलेल्या नखाएवढा. मी ओरडलो. शेजारच्या माळवदावरची मंडळी उत्तरेकडे कुणीतरी दाखवलेल्या भलत्याच ढगाकडे बघत होती. ती वळेपर्यंत फट बुजली.

उस्तादांनी मला हलू दिलं नाही. त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"शिंगं कुणीकडे?"

"वर. थोडी डावीकडे झुकलेली."

"चिमणीच्या किती वर?"

"हात लांब करून धरला तर दोन बोटं."

"ढगाची कड नसेल? कडेलाबी उजेड ऱ्हातो."

"ढगाची कड फाटकी असते उस्ताद. ही साफ होती."

"आता सांगा, उद्या ईद झाली तर तुमचा फायदा काय?"

"कॉलेजला सुट्टी."

"मग तुमी गरजवंत गवाह झालात," ते खट्टू होऊन म्हणाले.

"पण परवा झाली तरी सुट्टीच आहे," मी म्हणालो, "आणि परवा माझे तास उद्यापेक्षा जास्त आहेत. मला परवाचीच ईद सोयीची आहे."

त्यांचा चेहरा जसा उजळला तसा मी चांद दिसला म्हणून ओरडल्यावरही उजळला नव्हता. "म्हणजे स्वतःच्या नुकसानीची साक्ष द्यायलाव तुमी. याच्याहून मजबूत गवाही असती का? चला."

मशिदीच्या अंगणात कमिटी बसली होती. मी बाहेर चपलांपाशी उभा राहिलो. ढगाळ आभाळ असलं तर ईदेच्या चांदाला दोन साक्षीदार लागतात, आणि कमिटीपाशी अर्धाच होता. एका माणसाने 'काहीतरी पांढरं' पाहिलं होतं आणि तो जोडीदाराची वाट बघत बसला होता. उस्ताद आत शिरताच त्याला इतका आनंद झाला की त्याचं 'काहीतरी' लगेच चांद झालं.

"उस्ताद, तुमी पाहिला?" सदरसाहेबांनी विचारलं.

"न्हाई. पण चांद झालाय. प्रोफेसरांनी पाहिला. आमी त्यांना नीट तपासलंय. आमाला त्यांचा यकीन हाय."

सगळ्यांनी एकदम चपलांकडे पाहिलं. माझी एवढी सामुदायिक दखल त्या गावाने त्याआधी कधी घेतली नव्हती.

सदरसाहेब वाईट माणूस नव्हते. ते उठून उस्तादांजवळ आले आणि हळू बोलले, पण अंगणात इतकी शांतता होती की मला सगळं ऐकू आलं. "मी दुकान बघून बोलायलोय असं लोक म्हणतेत, म्हणून मीच सांगतो. तुमी पाहिला म्हणा. बस्स. लेकरं जागी हाईत घरी. तुमच्या शब्दाला कोण न्हाई म्हणतंय?"

"आमच्या शब्दाला न्हाई म्हणत न्हाईत म्हणूनच म्हणता येत न्हाई," उस्ताद म्हणाले. "आमाला चिमणीसुद्धा दिसली न्हाई."

"अन् त्यांची गवाही चालत न्हाई. तुमाला आमी शरियतचा मसला सांगावा का?"

मग उस्ताद बोलायला लागले. बाजारपेठेतले डॉक्टर लिंगायत होते, आणि त्यांनी साखर वाढलीय म्हणून सांगितलं की कमिटीतले कितीतरी जण रोजे सोडत. तिथं त्यांचा धर्म कुणी विचारला नव्हता. मग डॉक्टरच्या शब्दावर रोजा सुटतो, तर प्रोफेसरच्या शब्दावर का सुटू नये? मला वाटलं, झालं, जिंकले. त्यांनी ग्रंथात यापेक्षा चांगलं लिहिलेलं नाही.

"डॉक्टरच्या शब्दावर एकट्याचा रोजा सुटतो उस्ताद," सदरसाहेब म्हणाले, "साऱ्या गावाची ईद होत न्हाई." अंगण हसलं. वाईट याचं वाटलं की उत्तर चांगलं होतं. 'काहीतरी पांढरं' पाहिलेल्या माणसाने आपला चांद पुन्हा 'काहीतरी' करून घेतला. भोंग्यावरून सांगितलं गेलं की चांद झाला नाही, उद्या तिसावा रोजा. शिंप्याच्या दुकानात मशीन सुरू झालेली घरी जाताना मी ऐकली.

खालाने सगळं ऐकून घेतलं आणि पहाटेसाठी कणीक मळायला घेतली.

"तू रोजा धरायलीस?" उस्तादांनी विचारलं.

"गाव धरायलंय. मी गावाबरोबर."

"आपल्याला ठाऊक हाय की उद्या ईद हाय. ईदेला रोजा धरणं हराम हाय."

"तुमचा चांद तुमच्या किताबेत," खाला म्हणाली. "मला सकाळी दूधवाल्याशी बोलावं लागतंय, तुमाला न्हाई."

सकाळी उस्ताद अंघोळ करून, धुतलेली शेरवानी घालून, अत्तर लावून उभे. ईदेची नमाज एकट्याने होत नाही म्हणून ती राहिली. पण ईद आहे तर काही खाल्लंच पाहिजे. मी म्हणालो, माझ्या खोलीत चहा करतो, कुणाला कळणार नाही. त्यांना संताप आला. मी त्यांना संतापलेलं तेव्हाच पाहिलं. "रात्री भर मशिदीत तुमची गवाही खरी मानली, अन् सकाळी दार लावून खाऊ? मग रात्री आमी काय केलं? नाटक?"

म्हणून आम्ही एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात गेलो.

रमजानात त्या हॉटेलला पडदा लागे. रोजा न धरणाऱ्यांनी धरणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत खाऊ नये म्हणून समोर कापड टांगत. कापड आखूड होतं. खालून चपला, बूट आणि लुंगीचे काठ दिसत, आणि आमच्या गावाला माणसं पायांवरूनही ओळखू येत. तरीही पडद्यामागचे पाय रोजेदार समजले जात, कारण तोंड दिसत नव्हतं. ही व्यवस्था सर्वांना मान्य होती आणि तिच्याबद्दल कधीच तक्रार नव्हती.

उस्ताद पडद्याच्या बाहेरच्या बाकावर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "दोन चहा. अन् काही गोड असंल तर बघा."

हॉटेलवाला हिंदू होता. तो घाबरून म्हणाला, "उस्ताद, आत बसता का? पडदा हाय."

"ईदेला पडदा कशाला?"

चहा आला. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून घोट घेतला. रस्ता थांबला. सायकली थांबल्या. आणि मग जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पडदा बाजूला सारून, हातात अर्धं खाल्लेलं भजं आणि मिशीला बेसन अशा अवस्थेत एक माणूस बाहेर आला आणि तावातावाने म्हणाला, "उस्ताद, शरम वाटत न्हाई का? रमजानात? सगळ्यांसमोर?" त्याच्या मागून पडद्याखालच्या आणखी दोन जोड चपला बाहेर आल्या, आणि तिन्ही बेरोजेदारांनी मिळून दीनाची बाजू घेतली. उस्तादांनी शांतपणे विचारलं, "तुमी काय मानता, आज रोजा हाय?" "हाय!" "मग खायलाव कसं?" यावर तिघंही पुन्हा पडद्यामागे गेले. उरलेलं भजं थंड होत होतं.

अर्ध्या तासात बातमी सगळ्या गावात गेली. घरी आलो तर दारात आमचे प्राचार्य उभे, बरोबर परभणीच्या कुठल्याशा सुधारक मंडळाचे दोन सदस्य, हातात शाल आणि नारळ. एवढ्या सकाळी शाल कुठून पैदा केली, देव जाणे. आमच्याकडे सत्काराचं सामान घरात शिलकी असतं. प्राचार्यांनी उस्तादांचे दोन्ही हात धरले. "धर्माच्या बेड्या आपण चव्हाट्यावर तोडल्यात! आपल्यासारखा मुसलमान विरळा!"

"आमी काय तोडलं?" उस्तादांनी विचारलं.

"रोजा! रमजानात भर रस्त्यावर चहा प्यायलात."

"रमजान काल संपला साहेब. आज ईद हाय. आज रोजा धरला असता तर आमी गुन्हेगार झालो असतो. आमी धर्म मोडला न्हाई, पाळला."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावरचं तेज हळूहळू मावळलं. त्यांनी माझ्याकडे आशेने पाहिलं. मी म्हणालो, "चांद मी पाहिला होता, सर. उस्तादांनी माझ्या साक्षीवर ईद केली." वाटलं, यात तरी सुधारणा दिसेल त्यांना. एका धर्मनिष्ठ मुसलमानाने माझा, एका बौद्धाचा, शब्द आपल्या जमातीच्या शब्दापेक्षा मोठा मानला होता. पण त्यांना हवा होता तो रोजा मोडणारा मुसलमान. धर्म पाळणारा त्यांच्या काय कामाचा? त्यांनी शाल घडी घालून पिशवीत ठेवली. नारळ मात्र राहिला, कारण तो एका सदस्याने आधीच खालाच्या हातात दिला होता.

दुपारी देवगाव फाट्याकडून येणाऱ्या गाडीतून नवे कपडे घातलेली माणसं उतरली. बोरीला चांद दिसला होता. तिथं ईद होऊन गेली होती. कमिटीने धावपळ केली आणि बोरीच्या दोघांना मशिदीत नेऊन साक्ष घेतली. त्यातला एक जण व्यापारासाठी आमच्या बाजारी नेहमी येई आणि रमजानात आला की त्याचे पाय हमखास पडद्याखाली दिसत. त्याची साक्ष पहिल्या झटक्यात मान्य झाली. भोंगा वाजला: रोजे सोडा, नमाजेची आजची वेळ टळली, ईदेची नमाज उद्या. शिंप्याला काल मिळालेला जादा दिवस आज दुपारीच संपला.

थोड्या वेळाने सदरसाहेब स्वतः शीरखुर्म्याचं भांडं घेऊन आले. खरोखर शरमिंदे होते. "तुमी खरं बोलत होता उस्ताद. आता जाहीर करतो की आपल्या गावातबी चांद दिसला होता. बोरीवाल्यांचा मान कशाला? उस्तादांनी पाहिला म्हणून सांगतो."

"प्रोफेसरांनी पाहिला म्हणून सांगा."

सदरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस अडचणीत होता, मला कळत होतं. "भोंग्यावर?" ते म्हणाले.

"भोंग्यावरच. आमचं नाव घेतलं तर आमी उठून सांगू की झूट हाय."

"बघतो," ते म्हणाले. त्यांनी बघितलं. दोघांचंही नाव घेतलं नाही आणि बोरीचे आभार मानले. मला राग आला, खूप राग आला, आणि तो उस्तादांवरही आला. मला भोंग्यावर नाव नको होतं, पण ते नाकारलं जावं असंही वाटत नव्हतं. उस्तादांनी मला जवळ ओढून गळाभेट घेतली आणि म्हणाले, "मुबारक, प्रोफेसर. साऱ्या गावात सकाळपासून ईद आपल्या दोघांचीच होती."

त्यानंतर त्यांच्या ओट्यावर कागद घेऊन येणारी माणसं कमी झाली नाहीत. जमिनीच्या बाबतीत त्यांचा शब्द पूर्वीइतकाच खरा होता. पण मशिदीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, आणि ते लिहीत असलेला तिसरा ग्रंथ छापायला मदत करू म्हणालेल्या मंडळींना ती आठवेनाशी झाली. तो ग्रंथ तसाच राहिला. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून माझा राग वाढत गेला.

दोनएक वर्षांनी ते वारले. मोतीबिंदू पिकला, पण शस्त्रक्रियेपर्यंत ते राहिले नाहीत. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. आता मेल्यावर ते गावाचे तत्त्ववेत्ते झाले होते. सदरसाहेब गहिवरून बोलले की उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा होता, तरी ढगाआडचा चांद ज्यांनी पाहिला असे ते अल्लाचे नेक बंदे होते. टाळ्या झाल्या. प्राचार्य बोलले की रूढीच्या अंधारात रोजा मोडण्याचं धैर्य ज्यांनी दाखवलं असे ते बंडखोर होते. पुन्हा टाळ्या, त्याच माणसांच्या. एकाने त्यांना चमत्कार दिला, दुसऱ्याने पाखंड. दोन्ही त्यांनी आयुष्यभर नाकारलं होतं.

मी बोलायला परवानगी मागितली. मी म्हणालो, "चांद उस्तादांनी पाहिला नव्हता. मी पाहिला होता. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तेवढंच होतं."

सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतून कुणीतरी नम्रपणे विचारलं, "सर, याला पुरावा?" माझा एकच साक्षीदार होता. त्याला चिमणीसुद्धा दिसली नव्हती, आणि आज त्याचीच शोकसभा होती. प्राचार्यांनी वेळेअभावी आभारप्रदर्शनाला सुरुवात केली.

मी तडक खालाकडे गेलो. तिला सगळं सांगितलं, शिव्यांसकट. ती तांदूळ निवडत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तू पाहिला होतास, मला ठाऊक हाय."

"कसं ठाऊक? तुम्ही तर वर आलाच नव्हता."

"त्यांनी सांगितलं होतं ना. ते खोटं बोलत न्हाईत."

"मग त्या दिवशी रोजा का धरलात? ईद आहे हे माहीत असून? तो तर गुनाह."

तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "बाबा, सच बोलणाऱ्या माणसाला बी दूध लागतंय, किराणा लागतोय, मेल्यावर चार खांदे लागतेत. आमी दोघंबी बाहेर बसून चहा प्यायलो असतो तर कोण आलं असतं? त्यांनी त्यांचा सच सांभाळला. गुनाह मी घेतला."

मी उस्तादांचे दोन्ही ग्रंथ वाचले होते. खालाबद्दल त्यांत एक ओळ नव्हती.